कागद अलीकडे यावा म्हणून

दूरच्या संगणकावर घरबसल्या काम करण्याची जी व्यवस्था ‘रिमोट डेस्कटॉप’ या नावाने ओळखली जाते, तिचा सगळा डोलारा एका सोयीच्या भ्रमावर उभा आहे. काम करणाऱ्याच्या पुढ्यातल्या पडद्यावर दिसणारी फाइल, तिच्यातले आकडे आणि इकडेतिकडे सरकणारा बाण यांतले काहीही त्याच्या टेबलावरच्या यंत्रात नसते. ते सारे कुठल्यातरी कचेरीतल्या किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरमध्ये घडत असते, अलीकडे येतात ती त्याची चित्रे, आणि पलीकडे जातात ते कळांचे ठोके व माउसच्या हालचाली. ही देवाणघेवाण इतक्या वेगाने चालते की थोड्याच वेळात पलीकडचा संगणक आपल्याच मांडीवर आहे असे वाटू लागते, आणि वाटले तरी बिघडत नाही, कारण चित्र कुठेही उमटले तरी त्याच्या अर्थात फरक पडत नाही. कागद मात्र एकाच ट्रेमध्ये पडतो, ती ट्रे एकाच खोलीत असते आणि त्या खोलीत हात पोहोचला तरच कागद हाती लागतो. त्यामुळे ‘प्रिंट’ ही आज्ञा दिली जाते त्या क्षणी, तोवर कोणालाच न पडलेला प्रश्न उभा राहतो: काम करणारा माणूस अलीकडे आहे की पलीकडे?

या प्रश्नाचा विचार करायला मुळशी तालुक्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही, कारण तारेची दोन्ही टोके इथेच आहेत. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे नावारूपाला आलेली हिंजवडी आणि तिच्या लगतची माण, मारुंजी ही गावे पुणे शहराचाच भाग समजली जात असली तरी महसुली दप्तरात ती मुळशीची आहेत. आणि चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे या गावांत जे गृहप्रकल्प दिसतात, त्यांतल्या कित्येक फ्लॅटांत हिंजवडीतल्या कंपन्यांत नोकरी करणारी कुटुंबे राहतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा एका टोकाच्या इमारती ओस पडल्या, त्यांच्यातले संगणक मात्र चालू राहिले, कारण ते दुसऱ्या टोकाच्या झोपायच्या खोल्यांतून चालवले जात होते. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांवरची घरून कामाची बंधने सैल केली आणि ही तात्पुरती सोय रीतीत जमा झाली. याच तालुक्यात आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याकडे वर्तमानपत्रांचे लक्ष क्वचितच जाते, आणि तो म्हणजे पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, घोटावडे फाटा या पट्ट्यातले छोटे कारखाने. तिथला हिशेब कारखान्यात बसलेला कारकून लिहितो, पण हिशेबाचा प्रोग्राम बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या सर्व्हरवर असतो. तो सर्व्हर मुंबईत आहे की हैदराबादेत हे मालकालाही धड सांगता येत नाही, आणि पुण्यातला सी.ए. तीच खाती त्याच वेळी आपल्या कचेरीतून उघडू शकतो. आयटीतल्या माणसाला घरी प्रिंट कधीमधी लागते. कारखान्याला ती दर गाडीमागे लागते. म्हणून या विषयाचे मर्म हिंजवडीपेक्षा पिरंगुटात लवकर कळते.

विंडोजच्या जगात ही पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये एनटी ४.० च्या ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्तीतून आणली, आणि त्या पहिल्या आवृत्तीत अलीकडच्या प्रिंटरचा विचारच नव्हता: पलीकडे छापलेले पलीकडेच उमटणार, हे गृहीत होते. प्रिंटर अलीकडे वळवण्याची सोय विंडोज २००० बरोबर आली. तिची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे बहुतेक घोटाळे याच रचनेतून उगवतात. सत्र, म्हणजे पलीकडच्या संगणकावर एका माणसाने उघडलेली कामाची बैठक, सुरू होताच अलीकडचा संगणक आपल्याकडच्या प्रिंटरांची यादी पलीकडे कळवतो, आणि पलीकडचा संगणक त्या प्रत्येकासाठी एक मानलेला प्रिंटर तयार करतो, ज्याच्या नावापुढे ‘रिडायरेक्टेड’ हा शब्द आणि सत्राचा क्रमांक जोडलेला असतो. या मानलेल्या प्रिंटरला दिलेले काम ज्या जोडणीतून पडद्याची चित्रे येतात तिच्यातच आखलेल्या एका वेगळ्या वाटेने अलीकडे येते आणि इथल्या ‘स्पूलर’कडे, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवले जाते. सुरुवातीच्या काळात यासाठी घरच्या प्रिंटरचा ‘ड्रायव्हर’, म्हणजे त्या विशिष्ट यंत्राची भाषा जाणणारा दुभाषा, पलीकडेही बसवावा लागे आणि दोन्हीकडच्या ड्रायव्हरांची नावे अक्षरशः जुळावी लागत. शंभर घरांत शंभर तऱ्हेचे प्रिंटर असल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येते. २००८ मध्ये आलेल्या ‘ईझी प्रिंट’ या सोयीने हा ताप कमी केला. तिच्यात पलीकडचा संगणक पानाचे वर्णन एक्सपीएस नावाच्या एका तटस्थ स्वरूपात करतो आणि शेवटचे भाषांतर घरच्या ड्रायव्हरवर सोडतो.

मराठी लिहिणाऱ्यांना या बदलाचा एक फायदा झाला, ज्याची फारशी नोंद घेतली गेली नाही. युनिकोडपूर्व काळात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे फाँट असोत की पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो, तो फाँट ज्या यंत्रावर नाही तिथे खरेदीखताचा मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होऊन बाहेर पडे. मुळशीत जमिनीचे व्यवहार जसे चालतात त्याचा विचार करता दस्तातले एक अक्षर बदलणे म्हणजे काय, हे पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिणाऱ्या कोणालाही विचारावे. ईझी प्रिंटच्या पुडक्यात पानाबरोबर त्याचा फाँटही प्रवास करतो, आणि ही एक चिंता मिटली.

आता पिरंगुटच्या गेटवर जावे. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार मालाच्या बीजकाच्या तीन प्रती काढाव्या लागतात, मूळ प्रत माल घेणाऱ्यासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी आणि तिसरी पुरवठादाराच्या दप्तरासाठी. शिवाय ई-वे बिल, जे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात होणाऱ्या वाहतुकीलाही २५ मे २०१८ पासून लागू झाले. ई-वे बिलाचा नुसता क्रमांक मोबाइलवर असला तरी चालतो असे नियम म्हणतो, पण हाती कागद असल्याशिवाय गाडी हलवायला ड्रायव्हर राजी नसतो आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे बरोबरच आहे, कारण रस्त्यात अडवले जाते ते त्याला. अशा वेळी चाकणला निघालेला टेंपो माल भरून उभा असतो, कारकून प्रिंट मारतो, पडद्यावर काम गेल्याचे दिसते आणि प्रिंट निघत नाही. अनेकदा याचे कारण एका अंकात दडलेले असते. हिशेबाचे बरेचसे जुने प्रोग्राम एकदा निवडलेल्या प्रिंटरचे नाव जसेच्या तसे लक्षात ठेवतात; काल ते नाव ‘रिडायरेक्टेड ३’ असे संपत होते, रात्री सर्व्हरने ते सत्र बंद केले, आज उघडलेल्या नव्या सत्राचा क्रमांक ५ आहे, आणि प्रोग्राम मात्र कालच्या, आता अस्तित्वात नसलेल्या प्रिंटरला हाका मारतो आहे. कारकुनाच्या डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात, कारण मॉडेलचे लांबलचक नाव चौकटीत मावत नाही आणि फरक नेमका दिसेनाशा झालेल्या शेपटात असतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो ज्याला सुचायला हवा त्याला सुचत नाही, कारण तो पलीकडे शोधला जातो आणि असतो अलीकडे. घरच्या किंवा कारखान्यातल्या संगणकावर तोच प्रिंटर मुख्य, म्हणजे ‘डिफॉल्ट’, म्हणून ठरवून ठेवला आणि प्रोग्रामला कोणतेही विशिष्ट नाव न देता ‘जो मुख्य असेल तो’ वापरायला सांगितले, की सत्राचा क्रमांक काहीही असला तरी अडत नाही. इथेही एक पाचर आहे. विंडोज १० मध्ये २०१५ च्या अखेरीस अशी सोय आली की शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोज आपणहून मुख्य ठरवते. म्हणजे कोणी दुपारी एक पीडीएफ काढली तर संध्याकाळची बीजके कागदावर न येता फाइलींच्या रूपाने कुठल्यातरी फोल्डरात जमत राहतात. माणसाचे काम सोपे करण्यासाठी यंत्राने परस्पर घेतलेले निर्णय माणसाला किती महाग पडतात, याचे हे लहानसे पण चोख उदाहरण आहे, आणि ही सोय बंद करणे हेच शहाणपणाचे.

याहून चकवणारा प्रकार घरी बसलेल्या आयटीवाल्यांच्या वाट्याला येतो. कंपनीच्या जाळ्यात शिरण्यासाठी ते ‘व्हीपीएन’ लावतात, म्हणजे घरापासून कचेरीपर्यंत इंटरनेटच्या आतून जाणारा एक बंदिस्त बोगदा. कंपनी सावध असेल तर त्या संगणकाची सगळी ये-जा या बोगद्यातूनच होते, आणि मग पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेला, हात लांब केला तर लागेल असा वाय-फाय प्रिंटर त्या संगणकाच्या दृष्टीने दिसेनासा होतो, कारण संगणक आता भूगावच्या फ्लॅटात नसून हिंजवडीच्या जाळ्यात आहे. त्यात घरोघरच्या जाळ्यांतले पत्ते सारखेच असतात: १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते १९९४ मध्ये खासगी वापरासाठी मोकळे ठेवले गेले आणि तेव्हापासून जगातल्या असंख्य घरांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत तेच फिरत आहेत. एकच गट नंबर पौडलाही असतो आणि कोळवणलाही. गावाचे नाव सोडून नुसता गट नंबर सांगितला तर तलाठी भलत्याच शिवारात नेऊन उभे करील, तसे घरच्या प्रिंटरसाठी निघालेले पान कचेरीतल्या त्याच आकड्याच्या भलत्या यंत्राकडे जाऊन परत फिरते. यावर कंपनीकडून ‘घरच्या जाळ्यापुरती सूट’ मागता येते आणि काही कंपन्या ती देतातही. पण बाजारात मिळणारी दोन मीटरची यूएसबी केबल हा त्याहून खात्रीचा उपाय आहे, कारण बोगदा जाळ्यावरची वाहतूक गिळतो, तारेने थेट जोडलेल्या यंत्राला तो हात लावत नाही. वाय-फायच्या जमान्यात केबल हा पराभव वाटतो, म्हणून लोक आधी बाकी सगळे करून पाहतात.

केबललाही एकेकाळी ग्रहण होते. जुन्या विंडोजमधला रिमोट डेस्कटॉप प्रिंटर ज्या ‘पोर्ट’ला, म्हणजे जोडणीच्या दाराला, लावला असेल त्याचे नाव पाही, आणि ते कॉम, एलपीटी किंवा यूएसबी या अक्षरांनी सुरू होत नसेल तर तो प्रिंटर पलीकडे नेतच नसे. छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन अशी तिन्ही कामे करणारी कित्येक यंत्रे ‘डॉट ४’ नावाच्या दारातून जोडली जात, आणि केवळ दाराच्या नावामुळे ती वगळली जात. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत एक नोंद वाढवली की हा अडसर निघे. आता तो इतिहासजमा झाला आहे.

येथवर वर्णन केलेले सारे बिघाड होते. यानंतर जे येते त्याचे लक्षण हुबेहूब तेच असते, प्रिंटर यादीत नसणे, पण ते बिघाड नसते, ती मनाई असते. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला एका नियमाने सर्वांचे प्रिंटर अलीकडे वळवणे बंद करता येते, आणि बँका, विमा कंपन्या किंवा परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्या कंपन्या ते मुद्दाम करतात. त्यांचे कारण रास्त आहे: परक्या माणसाच्या खात्याचा तपशील कागदावर उतरून भुकूमच्या एखाद्या घरातल्या रद्दीत जावा, ही कल्पना कोणत्याही जबाबदार संस्थेला सोसणारी नाही. २०२१ च्या पावसाळ्यात मनाईची आणखी एक लाट आली. विंडोजच्या स्पूलरमध्ये एक भगदाड आढळले, जे ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजले. त्यातून शिरणाऱ्याला साऱ्या संगणकाचा ताबा मिळू शकत होता, आणि मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती पाठवून ऑगस्टमध्ये प्रिंटर ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार व्यवस्थापकांपुरता राखून ठेवला. ज्या सर्व्हरवर छपाईची गरज नाही तिथे स्पूलर बंदच करून ठेवावा, असा सल्ला तेव्हा दिला गेला, आणि गरज आहे की नाही हे वापरणाऱ्यांना न विचारता पुष्कळ ठिकाणी तो अमलातही आला.

तक्रार मनाईबद्दल नाही, तिच्या मौनाबद्दल आहे. ‘या कंपनीच्या धोरणानुसार घरी छपाई करता येणार नाही’ असे एक वाक्य पडद्यावर आले असते तर माणसाने ते मानले असते, नाही तर रीतसर परवानगी मागितली असती. तसे वाक्य येत नाही. प्रिंटर यादीतून नुसता गायब असतो, आणि माणूस बिघाड समजून त्याच्याशी झुंजत बसतो, केबल बदलतो, ड्रायव्हर काढून पुन्हा बसवतो, राउटर बंद करून चालू करतो. हे सगळे उपाय थकले की तो स्वतःच्याच पत्त्यावर ती फाइल मेल करतो, किंवा पडद्याचा मोबाइलने फोटो काढून तो व्हॉट्सअ‍ॅपवरून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवतो. म्हणजे जो कागद घरातल्या ट्रेमध्ये पडू नये म्हणून नियम केला, तो आता तिऱ्हाइताच्या दुकानातल्या संगणकावर, त्याच्या मोबाइलमध्ये आणि वाटेतल्या कितीतरी सर्व्हरांवर जाऊन बसतो. मनाई करणाऱ्याने आपली मनाई उघड बोलून दाखवली नाही की ती सर्वांत वाईट मार्गाने मोडली जाते, आणि मोडणाऱ्याला आपण काही मोडले हेही कळत नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सगळ्या रचनेत दोष काढायचा तर तो इथे काढावा. बाकीच्या अडचणी फार तर वेळखाऊ आहेत.

उलट दिशेची चूकही होते, आणि ती अधिक संकोचात टाकणारी असते. घरी बसलेल्याने प्रिंट मारली, पलीकडच्या संगणकाचा मुख्य प्रिंटर कचेरीतलाच राहिलेला होता, आणि पगारपत्रक हिंजवडीतल्या रिकाम्या मजल्यावर छापून पडले. टाळेबंदीत अशा पानांना वाली नव्हता. हल्ली कित्येक मोठ्या कचेऱ्यांत ओळखपत्र टेकवल्याशिवाय पान बाहेर येत नाही, त्यामुळे हा धोका पुष्कळ आटोक्यात आला आहे.

मुळशीत आणखी एक घटक कायम हिशेबात धरावा लागतो, तो म्हणजे लाइट जाणे. ज्या तालुक्यातल्या पाण्यावर मुंबईसाठी वीज निघते त्याच तालुक्यात पावसाळ्यात तासन्‌तास अंधार असतो, हा विरोधाभास इथल्या लोकांना नवा नाही. मुळेवरच्या टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच, पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरवले गेले आणि तिथले वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. निर्मिती एकीकडे आणि पदरात पडणे दुसरीकडे, हा व्यवहार मुळशी पेट्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला. मात्र तेव्हा माणसांची घरे आणि भातखाचरे बुडाली होती आणि इथे एखादे बीजक अडते, एवढे भान ठेवूनच ही आठवण काढावी.

लाइट गेल्यावर संगणक आणि राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतात, सत्र तुटत नाही, पडद्यावर सारे आलबेल असते. लेझर प्रिंटर मात्र गप्प होतो, कारण तो इन्व्हर्टरला जोडू नये असे विक्रेतेच बजावतात. या प्रिंटरमधला जो रूळ टोनरची पूड वितळवून कागदावर बसवतो तो सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि तो तापताना विजेची जी उसळी घेतो ती घरगुती इन्व्हर्टरला झेपत नाही. अशा वेळी दिलेले काम वाया जात नाही, ते रांगेत पडून राहते, आणि नेमके हेच कारकुनाच्या लक्षात येत नाही. निघाले नाही म्हणून तो पुन्हा प्रिंट मारतो, आणखी एकदा मारतो. लाइट येताच यंत्र घरघरते आणि एकाच क्रमांकाच्या बीजकाचे तीन-तीन प्रतींचे संच एकामागून एक बाहेर पडू लागतात. गेल्या दोन दशकांत भारतातल्या छोट्या कचेऱ्यांत ठाण मांडून बसलेल्या एचपी लेझरजेट १०२० ची तऱ्हा आणखी वेगळी: या यंत्राच्या पोटात स्वतःचा प्रोग्राम कायमचा साठवलेला नसतो, दर वेळी चालू झाल्यावर तो जोडलेल्या संगणकाकडून घ्यावा लागतो. तो घेईपर्यंत हिरवा दिवा लागला तरी प्रिंटर कामाचा नसतो, आणि घाईतल्या माणसाने त्याच वेळी केबल हलवली तर पहिल्यापासून सुरुवात.

ताम्हिणीकडून पाऊस उतरू लागला की कागदही बदलतो. रिमचे वेष्टन उघडे राहिले तर पाने हवेतली ओल ओढून घेतात, कडांना लाट येते, दोन पाने एकदम ओढली जातात, तापलेल्या रुळावरून जाताना पानाची गुंडाळी होते आणि अक्षरे पुसट उमटतात. दुरुस्तीवाला येऊन पाहतो तोवर सर्व्हर, इंटरनेट आणि ड्रायव्हर यांना मनसोक्त शिव्या देऊन झालेल्या असतात. आकाराचाही एक छुपा घोळ आहे: पलीकडचा सर्व्हर अमेरिकी इंग्रजीवर बसवलेला असेल तर तो मुकाट्याने ‘लेटर’ आकार धरून चालतो, जो २१६ गुणिले २७९ मिलिमीटर भरतो, आणि आपला ए४ भरतो २१० गुणिले २९७, मग काही प्रिंटर लेटर आकाराच्या कागदाची वाट पाहत दिवा लुकलुकवत बसतात, जो कागद पिरंगुटच्या बाजारात कोणी पाहिलेलाही नसतो.

मदतीच्या फोनवर हे सारे एका गमतीदार वळणाने येते. पलीकडून विचारले जाते, “मॅडम, प्रिंटर दिसतोय का?” उत्तर येते, “हो सर, समोरच आहे.” “तसं नाही हो, यादीत दिसतोय का?” “कुठल्या यादीत?” या शेवटच्या प्रश्नाला हसणाऱ्याला विषय कळलेला नसतो, कारण याद्या खरोखरच दोन आहेत, एक अलीकडची आणि एक पलीकडची, आणि दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच रंगरूपात उघडतात. अनुभवी माणूस म्हणून आधी रिमोटची खिडकी खाली करायला लावतो आणि अलीकडच्या संगणकावरूनच एक चाचणीचे पान काढायला सांगतो. ते निघाले नाही तर दोष घरातलाच, सर्व्हरचे नाव घ्यायचे कारण नाही. ते निघाले, तर सत्रात परत जाऊन नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ती वळवलेल्या प्रिंटरला द्यायची. ती उमटली आणि बीजक उमटत नसेल तर हिशेबाच्या प्रोग्रामने धरून ठेवलेले जुने नाव गुन्हेगार ठरते. प्रिंटर सत्राच्या यादीतच नसेल तर जोडणी उघडण्याआधीच्या चौकटीत ‘लोकल रिसोर्सेस’खाली प्रिंटरपुढे खूण आहे की नाही ते पाहायचे, आणि खूण असूनही तो येत नसेल तर पुढचे काहीही करण्याआधी व्यवस्थापकाला एकच गोष्ट विचारायची: बंद पडले आहे, की बंद केले आहे? हा प्रश्न क्रमाने शेवटी येत असला तरी कंपनीच्या लॅपटॉपवर तो पहिलाच असायला हवा.

पुढचा काळ ड्रायव्हरविना छपाईचा आहे असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले तेव्हापासून एकाच सर्वमान्य बोलीत सर्व प्रिंटरांशी बोलण्याची पद्धत रुजत गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवले जाईल. मधल्या काळात इंटरनेटवरून घरच्या प्रिंटरला थेट काम पाठवण्याची गूगलची ‘क्लाउड प्रिंट’ ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. जगातली निम्मीशिम्मी कचेरी घरी बसलेली असतानाचा तो मुहूर्त होता. या घडामोडींचा पिरंगुटच्या कारखान्यावर लगेच परिणाम होईल असे दिसत नाही. लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० ही दोन यंत्रे तिथे अजून जोमात आहेत, दोघांनाही ‘१२ ए’ या एकाच घडणीचे काडतूस चालते आणि ते भरून देणारा माणूस मोटारसायकलवरून दारात येतो. नव्या लॅपटॉपशी त्यांचे जमले नाही, तर कोपऱ्यात एक जुना संगणक केवळ प्रिंटरसाठी राखून ठेवला जातो आणि सर्व्हरचे सत्र त्याच्यावरूनच उघडले जाते. त्याला अपडेट देऊ नये अशी चिठ्ठी पडद्याच्या कडेला डकवलेली असते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती चूक आहे हे पुरते ठाऊक असूनही दुरुस्तीवाला ती काढायला सांगत नाही.